आपल्या अंकाचे स्थलांतर

गेल्या वर्षी जूनमध्ये माजी विद्यार्थी मंडळाच्या बैठकीत एक ठराव झाला. माजी विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी निघणारा अंक यापुढे छापून टपालाने न पाठवता संगणकीय स्वरूपात काढावा, आणि जुने सर्व अंकही हळूहळू त्याच स्वरूपात आणावेत, असा तो ठराव. तो एकमताने मंजूर झाला, चहा झाला, आणि काम विद्यार्थी प्रतिनिधींकडे आले. त्या प्रतिनिधींपैकी मी एक. 'हल्लीच्या मुलांना हे सगळं येतं' असा आपल्या गुरुजनांचा आमच्याविषयी एक गोड गैरसमज आहे, त्याचा हा परिणाम.

वर्ष संपत आले तरी काम अर्धेच झाले आहे. वर्गातल्या मैत्रिणी विचारतात, "पीडीएफ करायची आणि टाकायची. त्यात वर्ष कशाला लागतं?" प्रश्न रास्त आहे. जूनमध्ये मीही तोच विचारला असता. या लेखात त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न करीत आहे.

कामाला सुरुवात झाली ती ग्रंथालयातील मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटापासून. त्यात जुने अंक होते. काही बांधीव, काही सुटे, काहींची मुखपृष्ठे गेलेली. नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास आणि कसरीने पाडलेली बारीक भोके. सत्तरच्या दशकातले अंक हाती घेऊन पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवावे, तर अक्षरे बोटाला लागतात. ते अंक खिळे जुळवून छापलेले आहेत. आजच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी तो प्रकार पाहिला असेल, म्हणून थोडक्यात सांगते. शिशाच्या मिश्रधातूचे एकेक अक्षर म्हणजे एक खिळा. लाकडी केसच्या खणांमधून जुळारी एकेक खिळा उचलून हातातल्या पट्टीवर ओळ लावी. तीही उलटी, आरशात दिसते तशी. रोमन लिपीचे काम शे-दीडशे खिळ्यांत भागे. आपल्या जोडाक्षरांमुळे आणि काना-मात्रा-वेलांट्यांमुळे देवनागरीला कित्येक शेकडो खिळे लागत. पाने लागली की फर्मा आवळायचा, मुद्रित काढायचे, चुका दुरुस्त करायच्या आणि मग छपाई. छपाई झाली की खिळे सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात. म्हणजे अंक निघाला की त्याचा साचा मोडला. उरल्या त्या फक्त छापलेल्या प्रती.

त्या कपाटात मला १९७७-७८ चा अंक सापडला, आणि खरे सांगायचे तर तेव्हापासून हे काम माझ्यापुरते ठरावाचे राहिले नाही. आम्ही राहतो जळोचीत. जळोची पूर्वी बारामतीबाहेरचे खेडे होते, आता नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. आईचे माहेर मात्र इंदापूर तालुक्यातले, पळसदेवच्या अंगाचे. भीमेवर उजनीचे धरण बांधण्यास १९६९ मध्ये सुरुवात झाली व ते १९८० मध्ये पूर्ण झाले. त्या पाण्यात नदीकाठची जी गावे गेली त्यांत आजोळचे जुने गाव होते. माझे थोरले मामा त्या वेळी याच महाविद्यालयात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला होते. त्यांनी अंकात 'आमची वेस' नावाचा लेख लिहिला होता, हे घरात सर्वांना ऐकून माहीत होते. वाचलेला कुणीच नव्हता. मामांची प्रत ट्रंकेत वाळवीने खाल्ली. आणि आता तो लेख माझ्या पुढ्यात होता. साडेतीन पाने. वेशीतून आत शिरल्यावर डाव्या हाताला कोणाचे घर, उजव्या हाताला कोणाचे, पार कुठे, उखळ कुठे, नदीला उतरणारी वाट कोणत्या बोळातून, असे सगळे गाव त्यात क्रमाने लिहिलेले आहे. त्या गावाचा नकाशा म्हणावा असा दुसरा कागद आमच्या माहितीत तरी नाही.

मी फोनवर पानांची छायाचित्रे काढून मामांना पाठवली. रात्री त्यांचा फोन आला. "आगं, हे आपल्या पुण्याच्या नातवाला दिसंल का? त्याच्या फोनवर?" मी म्हटले, "दिसेल की मामा, पाठवते." ते म्हणाले, "तसं नव्हं. उद्या त्यानं सोताहून शोधलं तर घावंल का?"

या दोन प्रश्नांतला फरक समजून घ्यायला मला पुढचे चार महिने लागले.

आता दुसरी गोष्ट. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून आपला अंक संगणकावर जुळवला जाऊ लागला. त्या काळच्या सीडी कपाटाच्या खालच्या खणात नीट नावे लिहून ठेवलेल्या होत्या. आम्हांला वाटले, हे काम एका दुपारचे. अंक आधीच संगणकीय आहेत, उचलायचे आणि ठेवायचे. पहिली अडचण अशी की आमच्यापैकी कोणाच्याही लॅपटॉपला सीडीचा खणच नव्हता. एका जुन्या संगणकाला तो सापडला. दुसरी अडचण अशी की एक सीडी मुळी वाचलीच गेली नाही. आणि तिसरी, जिच्यात आम्ही खरे अडकलो, ती ही : २००२-०३ च्या अंकाची फाइल उघडली, पण पडद्यावर मराठी नव्हते. रोमन अक्षरे, कंस, टिंबे, डॉलरची चिन्हे यांचे कडबोळे होते. पानामागून पाने तसेच.

म्हणजे १९७८ चा शिशाच्या खिळ्यांचा अंक कोणत्याही साधनाशिवाय, खिडकीच्या उजेडात वाचता येत होता, आणि पंचवीस वर्षांनी निघालेला संगणकावरचा अंक वाचता येत नव्हता.

हे केवळ आपल्याच नशिबी आले असे नाही. इंग्लंडात १०८६ साली राजाने जमीनजुमल्याची एक मोठी पाहणी करविली, ती 'डूम्सडे बुक' नावाने प्रसिद्ध आहे. तिला ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये तशीच नवी पाहणी केली. शाळकरी मुलांसह दहा लाखांहून अधिक लोकांनी तिच्यात भाग घेतला, आणि ती त्या वेळच्या आधुनिक लेझर तबकड्यांवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे इतकी दुर्मीळ झाली की मजकूर वाचवण्यासाठी संशोधकांना स्वतंत्र खटपट करावी लागली. नऊ शतकांपूर्वीचा ग्रंथ मात्र आजही उघडून वाचता येतो.

आपल्या सीडीचे कडबोळे का झाले, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण यातच या सर्व विषयाची किल्ली आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. ज्या काळात आपल्याकडे संगणकावर मराठी छपाई सुरू झाली, त्या काळात यंत्राकडे सोयीने वापरता येतील असे क्रमांक होते ते रोमन अक्षरांचे आणि काही चिन्हांचे. तेव्हा फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती केली. क्रमांक रोमन अक्षराचाच ठेवायचा, पण त्या जागी चित्र काढायचे देवनागरीचे. एखाद्या फॉन्टात रोमन 'डी'च्या जागी 'क'चे चित्र, दुसऱ्यात आणखी कशाचे. ज्याने त्याने आपापल्या सोयीने घरे वाटली. कागदावर छापून काढेपर्यंत याने काहीच बिघडत नाही, कारण वाचणारा चित्र वाचतो. पण तो विशिष्ट फॉन्ट यंत्रावर नसेल तर मुखवटा गळून पडतो आणि आतले रोमन कडबोळे दिसू लागते. मराठी मजकूर म्हणून त्या फाइलमध्ये कधी काही नव्हतेच. होता तो मराठीसारखा दिसणारा रोमन मजकूर.

यात कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्याच युक्तीवर आपल्याकडची दैनिके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रके पंधरा-वीस वर्षे निघाली. आणि त्याच वेळी पायाभूत कामही चालू होते, तेही आपल्या पुण्यात. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही क्रमांकपद्धती आखली गेली होती, आणि १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एकाच यादीत आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. या यादीत देवनागरीसाठी १२८ घरांचा वाडा राखून ठेवला आहे. 'क' म्हणजे २३२५, 'म' म्हणजे २३५०. जगात कुठेही, कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही फॉन्टात. विंडोज २००० पासून नेहमीच्या संगणकांना ही पद्धत देवनागरीसाठी कळू लागली. छापखान्यांच्या आणि कार्यालयांच्या सवयी मात्र पुढे कित्येक वर्षे जुन्याच राहिल्या. सवयीला युनिकोड नसतो.

मग जुन्या क्रमांकांच्या जागी नवे क्रमांक घातले की झाले, असे वाटेल. मलाही वाटले. पण 'विद्यार्थी' हा आपलाच शब्द घ्या. जुन्या फॉन्टात तो दिसतो तसा डावीकडून उजवीकडे साठवलेला असतो. आधी पहिली वेलांटी, मग व, मग द्य, काना, थ, दुसरी वेलांटी, आणि सगळ्यात शेवटी डोक्यावरचा रफार. युनिकोडात तो आपण उच्चारतो तसा असतो. व, मग वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी. दहा क्रमांक, आणि वेलांटी व रफार दोन्ही आपापल्या उच्चाराच्या जागी. आम्ही व्याकरणाच्या तासाला जे कंटाळून ऐकले होते, की ऱ्हस्व वेलांटी लिहितात आधी पण ती व्यंजनानंतरचा स्वर आहे, ते इथे यंत्राला समजावून सांगावे लागले.

प्रचलित फॉन्टांसाठी असे रूपांतर करणारी साधने तयार मिळतात. आपला फॉन्ट त्यांत बसेना. तेव्हा आम्ही २००२-०३ च्या अंकाची छापील प्रत आणि सीडीवरचे कडबोळे शेजारी ठेवून घरांची यादी स्वतः तयार केली. हे चिन्ह दिसले की समजायचे 'ळ', ते दिसले की अर्धा 'स'. पाच जण, तीन आठवडे. त्या यादीच्या आधारे २००८-०९ आणि २००९-१० चे अंक उलगडले, ज्यांची एकही छापील प्रत कपाटात उरलेली नव्हती. म्हणजे संगणकावरचे अंक वाचवले ते एका छापील प्रतीने. ही गोष्ट मी मंडळाच्या बैठकीत मुद्दाम सांगितली, कारण पुढचा वाद तीवरच व्हायचा होता.

छापील अंकांचे काम वेगळे. पानाचे स्कॅन घेणे सोपे. ए-४ आकाराचे रंगीत पान इंचाला ३०० ठिपके या मापाने घेतले तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात, आणि न आवळता ठेवले तर २६ मेगाबाइट जागा खातात. शंभर पानांचा अंक अडीच गिगाबाइटच्या वर गेला. पण जागेचा प्रश्न आता फारसा कठीण नाही. कठीण आहे ते हे की स्कॅन म्हणजे पुन्हा चित्रच. त्यात शोध घेता येत नाही. मामांचा नातू काय शोधणार? गावाचे नाव, 'धरण', 'भीमा', आजोबांचे नाव. चित्राला यातले काहीच ठाऊक नसते.

चित्रातून अक्षर ओळखणारी साधने आता देवनागरीसाठीही चांगली झाली आहेत. आम्ही मामांचा लेख त्यांतल्या एकातून काढला. निकाल पाहून सर्वांनी टाळ्या वाजवल्या, कारण प्रथमदर्शनी सगळे बरोबर दिसत होते. मग मी 'धरण' शोधून पाहिले. लेख सापडला नाही. झिजलेल्या खिळ्यांमुळे 'ध' आणि 'घ' यांतला फरक पुसट झाला होता आणि यंत्राने सर्वत्र 'घरण' वाचले होते. 'भीमा'ची 'मीमा' झाली होती. आपण वाचताना डोळा अशा चुका आपोआप सावरून घेतो. यंत्राच्या लेखी 'ध' २३४३ आणि 'घ' २३२८, दोघांचा काही संबंध नाही. ज्या लेखात सगळे गाव धरणात जाते त्या लेखात शोधायला गेले तर धरणच नाही!

सर्वांत करमणूक झाली ती १९८१ च्या स्नेहसंमेलनाच्या वृत्तांताने. मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांतला दुसरा लिहायला जो आडवा र लागतो त्याची युनिकोडात स्वतंत्र सोय आहे, हे यंत्राला नेमके त्या दिवशी आठवले नाही. त्यामुळे व्यासपीठावरील आचार्य आणि पंगतीतले आचारी यांचे आभार एकाच दमात मानले गेले. प्राध्यापकवर्गाने राग मानू नये, दुरुस्ती केली आहे.

अशा बारीकसारीक गोष्टी पुष्कळ आहेत. 'ॲडव्होकेट'मधला 'ॲ' घ्या. त्याला युनिकोडात स्वतःचे घर २००८ मध्ये मिळाले. त्याआधी लोक 'अ' काढून त्यावर चंद्र देत. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधाला दोन वेगळे शब्द. त्याच सुमारास, नोव्हेंबर २००९ मध्ये, महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला व वर्णलेखन यांविषयी निर्णय काढून आपल्या 'ल' आणि 'श'चे वळण कसे असावे हेही ठरवून दिले. पण फोनवर बहुतेक ठिकाणी ती हिंदी वळणाचीच दिसतात. हे मात्र फॉन्टाचे काम आहे, क्रमांक तोच राहतो. त्यामुळे आज वळण चुकीचे दिसले तरी उद्या फॉन्ट बदलला की सुधारेल. चित्रात अडकलेले अक्षर असे कधीच सुधारत नाही.

चित्र आणि मजकूर यांतला हा फरक महाराष्ट्रात दोन मोठ्या कामांत पाहायला मिळतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. ते जाडजूड खंड आता संकेतस्थळावर मजकूर म्हणून आहेत. एक शब्द टाकला की नोंद उघडते, आणि अंध वाचकाला ती यंत्राकडून ऐकताही येते. आमच्या वर्गातला एक मित्र स्वाध्यायासाठी ती तशीच ऐकतो. याउलट 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या योजनेत देशभरातली लाखो पुस्तके स्कॅन झाली, त्यांत मराठीही पुष्कळ. पण ती चित्रे होती. नावे रोमन लिपीत वाटेल तशी टंकलेली, कुठे पाने गळालेली. पुढे ते संकेतस्थळच बंद पडले. त्यातली पुस्तके आज वाचायला मिळतात, कारण इतरांनी त्यांच्या प्रती उतरवून 'इंटरनेट अर्काइव्ह'वर ठेवल्या होत्या. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकाचेही जुने अंक संकेतस्थळावर वाचता येतात. साप्ताहिकाचा छापील अंक त्यासाठी बंद करावा लागलेला नाही, हे आमच्या ठरावाच्या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता नव्या अंकाविषयी. टाळेबंदीच्या काळात, २०२०-२१ मध्ये, अनेक महाविद्यालयांनी वार्षिकांक पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवले. आपणही पाठवला. तो किती जणांनी वाचला? मी माझ्यापुरते सांगते, मी तो उघडला, माझे छायाचित्र पाहिले आणि बंद केला. कागदासाठी मांडलेले दोन स्तंभांचे पान तळहाताएवढ्या काचेवर वाचायचे म्हणजे नांगरटीसारखे काम. डावीकडून उजवीकडे जा, परत या, खाली सरका. साठीच्या पुढच्या माजी विद्यार्थ्याने ते का करावे? अंक फोनवर जायचा असेल तर तो फोनसाठी मांडला पाहिजे. मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहता हवा, अक्षर वाचणाऱ्याला मोठे करता यावे. काहींना पान उलटल्याचा आवाज येणारा देखणा अंक हवा होता. तशा प्रकारचे पुष्कळ अंक पूर्वी 'फ्लॅश' या तंत्रावर चालत. ते तंत्र डिसेंबर २०२० अखेर बंद झाले आणि ते अंक उघडेनासे झाले. देखणेपणापेक्षा साधेपणा जास्त टिकतो, असा माझा अनुभव आहे. तो खादीच्या बाबतीतही खरा आहे.

यापुढचा प्रश्न तंत्राचा नाही, माणसांचा आहे, आणि माझ्या मते हाच सर्वांत अवघड. छापील अंक एकदा वाटला की तो शेकडो घरांत आपापला राहतो. त्याला कोणी सांभाळावे लागत नाही. कपाटावर, माळ्यावर, ट्रंकेत पडून राहतो. काही वाळवी खाते, काही रद्दीत जातात, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांतून घरेच्या घरे गेली, तशी पुस्तकेही गेली असतील. पण सगळीच्या सगळी एकदम जात नाहीत. संगणकीय अंक मात्र कोणीतरी रोज जिवंत ठेवावा लागतो. संकेतस्थळाचे नाव वर्षाच्या वर्षाला पैसे भरून चालू ठेवायचे. परवलीचा शब्द कोणाला तरी ठाऊक असला पाहिजे. याआधी अंकाचे एक खाते काढले होते, त्याचा परवलीचा शब्द एका विद्यार्थी प्रतिनिधीकडे होता. त्याची पदवी झाली, फोन नंबर बदलला, खाते गेले. यात त्याचा काय दोष? शिक्का आणि दफ्तर कार्यालयात जमा करून घेण्याची पद्धत आहे, परवलीचा शब्द जमा करून घेण्याची नव्हती. आता ती केली आहे. ग्रंथपाल आणि कार्यालय अशा दोन ठिकाणी तो लेखी राहील, अंकाच्या प्रती तीन निरनिराळ्या जागी राहतील, आणि दरवर्षी जूनमध्ये त्या उघडून पाहिल्याची नोंद रजिस्टरमध्ये होईल.

रजिस्टरवरून आठवले. अंक टपालाने पाठवण्यासाठी माजी विद्यार्थ्यांच्या पत्त्यांचे एक जाडे रजिस्टर आहे. पहिली पाने पिनकोडाशिवायची, कारण पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. मग हळूहळू ४१३१०२ दिसू लागते. 'मु. पो. जळोची' असे पत्तेही आहेत, त्यांतले दोन आमच्या आळीतले निघाले. मामांचा पत्ता जुन्या गावचाच आहे. तो कोणी बदलला नाही. पाण्याखालच्या पत्त्यावर आपण किती वर्षे अंक पाठवत होतो कोण जाणे. ईमेलमुळे ही अडचण सुटेल असे मंडळाला वाटते. मला तशी खात्री नाही. घर बदलायला निदान टेंपो लागतो, ईमेल बदलायला काहीच लागत नाही. यादी जिवंत ठेवणारा माणूस हवा, मग ती वहीत असो की संगणकात.

आणि परवानगी? १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. सत्तरच्या दशकात लिहिणारे आपले बहुतेक विद्यार्थी सुदैवाने हयात आहेत. त्यांनी लेख दिला होता तो पाचशे-हजार प्रतींच्या अंकासाठी, साऱ्या जगासाठी नव्हे. एका बाईंनी फोनवर स्वच्छ सांगितले, "त्या कविता मी अठरा वर्षांची असताना लिहिल्या, त्या तिथेच राहू द्या." त्या तिथेच राहतील. जुन्या अंकांत गुणवत्ता यादीबरोबर मुलींचे घरचे पूर्ण पत्ते छापलेले आहेत. तेव्हा त्यात वावगे नव्हते. काचेवर आणताना आम्ही ते झाकले.

आता वाद. मंडळातील काहींचे म्हणणे, छपाई पूर्ण थांबवावी, तो खर्च मुलांच्या कामी यावा. मुद्दा खोटा नाही. माझे मत असे की घरोघर टपालाने पाठवणे थांबवावे, पण शंभर प्रती चांगल्या कागदावर छापाव्यात. ग्रंथालयात, तालुक्यांच्या वाचनालयांत, आणि ज्यांचा मजकूर आहे त्यांच्या हाती त्या जाव्यात. २००२-०३ ची ती एक प्रत नसती तर आम्ही काय केले असते?

बारामतीत बसून हा विचार करताना मोरोपंतांची आठवण होते. ते इथेच, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहिले आणि १७९४ मध्ये वारले. त्यांच्या आर्या लोकांनी हाताने उतरवून घेतल्या, पोथ्यांतून फिरवल्या. पुढच्या शतकात छापखाना आला. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापले, तेव्हा शाईत चरबी असेल या शंकेने सोवळे लोक ते हाती घेईनात, म्हणून त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात. मोरोपंतांच्या काव्याचे दोनदा तरी असे स्थलांतर झाले, हातातून खिळ्यांत आणि खिळ्यांतून काचेवर. दर खेपेला कोणीतरी बसून अक्षरन्अक्षर ताडून पाहिले म्हणून ते पोचले.

ते ताडून पाहण्याचे काम मामांच्या लेखापुरते आम्ही दोघांनी फोनवर केले. मी वाचायची, त्यांनी ऐकायचे. 'घरण'चे 'धरण' झाले, 'मीमा'ची 'भीमा' झाली. दुसऱ्या पानावर, वेशीतून आत शिरण्याच्या परिच्छेदाशी, त्यांनी मला थांबवले. "तिथं एक ओळ न्हाई. छापखान्यात ऱ्हायली. कुंभाराच्या म्हातारीचं घर व्हतं त्यात. अंक आला तवा म्या तिला वाचून दावला. सगळ्यांची घरं ऐकली तिनं, आन् म्हनली, माझं कुठंय रं?"

मी विचारले, "मग घालू का मामा ती ओळ? आता घालता येते."

संपादक मंडळात यावर बराच खल झाला. जुन्या अंकात आज ओळ घालणे म्हणजे तो अंक जसा होता तसा न ठेवणे. एकदा हात लावायला सुरुवात केली तर कुठे थांबायचे? शेवटी असे ठरले की पानाचे चित्र आणि त्याखालचा मजकूर छापल्याप्रमाणेच ठेवायचा, आणि लेखकाने दुरुस्ती सुचवली असेल तर ती लेखाखाली वेगळी, लेखकाच्या नावाने आणि आजच्या तारखेने द्यायची. मामांना ते पटले. टीप त्यांनीच सांगितली, मी टंकली, आणि 'कुंभार', 'म्हातारी', 'वेस' असे तिन्ही शब्द शोधून पाहिले. तिन्हींनी लेख सापडतो. टीप अशी आहे : 'वेशीतून आत आल्यावर उजव्या हाताला पहिले घर कुंभाराच्या म्हातारीचे. दारात चाक. ही ओळ १९७८ साली छापायची राहिली होती.'